उत्तरेची भिंत

घर गरम ठेवणारी भट्टी पहिल्यांदा बंद पडली त्या सकाळी मला जाग आली ती नाक गार पडल्यामुळे. बाकीचं अंग गार पडण्याचा प्रश्न नव्हता, कारण मी ओरेस्तचा पार्का, म्हणजे बर्फातला जाड कोट, घालूनच झोपत होते. ओरेस्त म्हणजे माझा नवरा. ऑक्टोबरात धान्याच्या कोठाराशी उभ्या उभ्या गेला. त्याला पुरून घरी आल्यावर मी त्याचा कोट खुंटीवरून काढून अंगात घातला आणि मग तो काढायचा राहूनच गेला. लोकांना वाटेल, यात काही दुःख-बिख असेल. तसलं काही नव्हतं. काढायला कारण मिळालं नाही, एवढंच.

दुःख आलंच नाही माझ्याकडे. चर्चच्या बायका आल्या, भरल्या कोबीचे डबे घेऊन आल्या, एकीने तर माझा हात धरून मला रडवायचा चंगच बांधला. मी तिला चहा विचारला. फ्रीझर डब्यांनी भरला तेव्हा त्या यायच्या थांबल्या. मला बरं वाटलं, असंही नाही. काहीच वाटलं नाही.

घरात मी आणि ओरेस्तचे वडील, वासिल. लुबाची मुलं लहानपणी त्यांना दीदो म्हणायची, आजोबा या अर्थाने, तेच माझ्याही तोंडी बसलं. लुबा ओरेस्तची धाकटी बहीण. सस्कातून शहरात असते. शाळेतून निवृत्त झाली, पण अजून सगळं जग तिच्या वर्गातच बसलंय असं तिला वाटतं. मला आणि ओरेस्तला मूल नाही. त्यामुळे या घरात माणूस म्हणून जे काही उरलं होतं ते दीदो, वय सत्त्याऐंशी, खुबा दुरुस्त केलेला, कंबर ताठ, तोंड चालू.

तर त्या सकाळी घरात श्वासाची वाफ दिसत होती. मी तळघरात उतरले. भट्टी गप्प होती. जिन्याजवळचं बटण बंद करून परत चालू केलं, तेव्हा ती घुरघुरली, थांबली, पुन्हा घुरघुरली आणि बऱ्याच वेळाने पेटली. दीदो जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे होते.

"काय झालं गं?"

"काही नाही. बंद पडली होती."

"थंडी वाजते का तुला?"

"हो," मी म्हटलं.

हे ते रोज विचारायचे. सकाळी एकदा, जेवताना एकदा. मी रोज हो म्हणायचे. नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, आणि मला पुढचा प्रश्न नको होता.

भट्टीचं सगळं ओरेस्त बघायचा. ड्वेन नावाचा मेकॅनिक वर्षातून एकदा, कापणी संपली की येतो, पत्रे उघडून साफसफाई करतो आणि पुढच्या वर्षापर्यंत तोंड दाखवत नाही. मधल्या काळात घरच्यांनी तिच्याकडे बघायचं असतं. ओरेस्त फिल्टर बदलायचा, पाणी ठिबकणारी नळी तुंबली नाही ना बघायचा, गरम हवेच्या झरोक्यांवर मी ठेवलेले गालिचे आणि खुर्च्या कुरकुरत बाजूला करायचा, बर्फ पडला की झाडू घेऊन घराला एक फेरी मारायचा. मी कधी विचारलं नाही. स्वयंपाकघरातलं तो विचारत नव्हता, तळघरातलं मी विचारत नव्हते. आमचं लग्न टिकलं ते अशाने.

तो गेल्यावर दीदोंनी जाहीर केलं, "आता भट्टी माझ्याकडे." मी म्हटलं, घ्या. ते खरोखर महिन्याला फिल्टर बदलायचे, जुना उजेडात धरून माझ्यासमोर नाचवायचे. "बघ किती धूळ! एवढी धूळ तू आणि मी मिळून खातो की काय?" मी बघायचे आणि मान हलवायचे.

डिसेंबरात ती रोजच बंद पडायला लागली. रोज सकाळीच. मी बटण खालीवर करायचे, ती खोकत खोकत सुरू व्हायची, दुपारी छान चालायची, रात्री छान चालायची, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा मुकी. बाहेर उणे पस्तीस. एखाद्या दिवशी सुरूच झाली नसती तर नळ गोठून फुटले असते आणि त्यामागोमाग आम्हीही. हे मला समजत होतं, म्हणजे एखादा हिशेब समजतो तसं. भीती वाटत नव्हती.

मी एकदा फोनवर लुबाला सहज बोलून गेले. बोलायला नको होतं.

"रोज सकाळी? बाबाच काहीतरी करतायत," ती म्हणाली.

"कशावरून?"

"रोज सकाळी पहाटे कोण उठतं? तू? तू तर आता दहाशिवाय उठत नाहीस, मला ठाऊक आहे. स्टेफा, मागच्या वर्षी त्यांनी रिकामी किटली गॅसवर ठेवली होती. आठवतंय? तळ वितळला होता."

"किटली कोणाचीही वितळते."

"माझी नाही वितळत." मग तिचा आवाज खाली आला. "हे बघ, इथल्या वृद्धाश्रमात नाव घातलं होतं त्यांचं. खोली मोकळी झालीये. सणानंतर हो की नाही सांगायचंय. मी सहा जानेवारीला येते, जेवू सगळे, आणि ते खरंच भट्टीशी खेळत असतील तर मी त्यांना घेऊनच परतणार. तुलाही सुटल्यासारखं होईल."

मी म्हटलं, बरं. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात बसून राहिले. दीदो बाहेरच्या खोलीत रेडिओवरच्या हवामानाशी भांडत होते. ते गेले तर हे भांडण जाईल. सकाळचा कॉफीचा वास जाईल, जिन्यावरची ती वाकडी पावलं जातील, थंडी वाजते का हा प्रश्न जाईल. मग मी भट्टी कोणासाठी चालवायची? मला उत्तर माहीत होतं. मी ती चालवलीच नसती. एखाद्या सकाळी ती बंद पडली असती आणि मी जिना उतरले नसते. हा विचारही मला इतका सपाटपणे आला, बाजारातून मीठ आणायचंय तसा, की त्याचंच जरा नवल वाटलं. दीदो जायला नको होते. एवढं मला नक्की ठाऊक झालं.

मग मी पहारा ठेवला. जिन्याजवळच्या बटणावर चिकटपट्टी लावली, निघाली तर कळेल अशी. पहाटेच जागी होऊन अंथरुणातच कान देऊन पडले. दीदो उठले, कॉफी केली, जोडे घातले, बाहेर गेले, आले. तळघराकडे फिरकलेच नाहीत. बटणावरची पट्टी जशीच्या तशी. आणि भट्टी बंद.

मला हायसं वाटायला हवं होतं. पण दोष त्यांचा नाही, मग कोणाचा?

सहा तारखेची सकाळ उजाडली. जुन्या पंचांगाप्रमाणे आमचा नाताळचा आदला दिवस तो. दीदोंना शेजारचा बोरिस सणासाठी केस कापायला गावात घेऊन गेला होता. मी ड्वेनला फोन लावला. सणाच्या दिवशी फोन केला म्हणून त्याने आधी शिव्या घातल्या, मग ओरेस्तचं आठवून त्या आवरत्या घेतल्या.

"येता नाही यायचं मला, रस्ता बंद आहे इकडे. खाली जा. पत्र्याच्या दाराला बारीक काच आहे. आत दिवा लुकलुकतोय?"

"लुकलुकतोय."

"किती वेळा? मोज."

"तीनदा. मग थांबतो. मग परत तीनदा."

"दाराच्या आतून कागद चिकटवलाय. तीनसमोर काय लिहिलंय?"

मी चष्मा लावून वाचलं. हवा पुढे सरकत नाहीये, अशा अर्थाचं काहीतरी होतं.

"फिल्टर?"

"नवा आहे. दीदोंनी बदललाय."

"मग बाहेरचे पाइप. मोकळे आहेत ना?"

"कुठले पाइप?"

"अगं, उत्तरेच्या भिंतीतून दोन पांढरे पाइप बाहेर काढलेत. एक हवा आत ओढतो, दुसऱ्यातून धूर जातो. ते तुंबले की ती स्वतःहून बंद होते. नशीब समज की होते, नाहीतर धूर घरात भरला असता. ओरेस्तने सांगून नाही ठेवलं?"

"सांगायला त्याला वेळ कुठे मिळाला, ड्वेन?"

"तेही खरंच," तो म्हणाला. "वरचा विषारी धुराचा भोंगा दाबून बघ वाजतो का, आणि फावडं घेऊन बाहेर जा."

भोंगा वाजला. मी फावडं घेऊन उत्तरेच्या बाजूला गेले. ऑक्टोबरनंतर त्या बाजूला मी गेलेच नव्हते. जायचं काय काम?

सगळी भिंत खिडकीच्या चौकटीपर्यंत बर्फाने झाकली होती. वाऱ्याने आणून टाकलेला बर्फ नव्हता तो. फावड्याच्या पाठीने थापून थापून गुळगुळीत केलेला, वरची कड दोरी लावल्यासारखी सरळ, घराच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. बोरिसचा तरणाताठा नातूसुद्धा असा बर्फ लावू शकला नसता. आताच्या कोणाला हे येतच नाही. मी लहान असताना थंडी सुरू झाली की प्रत्येक घर असं बर्फाने लिंपायचे, खाली गवताचे भारे, वर बर्फ, म्हणजे वारा भिंतीतून आत यायचा नाही. तेव्हा धूर छपरावरच्या चिमणीतून जायचा. भिंत कितीही झाका, बिघडत नव्हतं. आता धूर कमरेच्या उंचीवर भिंतीतून जातो. ओरेस्तने ही नवी भट्टी बसवली तेव्हा दीदो खुब्यासाठी दवाखान्यात होते.

म्हणजे लुबाचं खरं होतं. दीदोच करत होते. तळघरात नाही, बाहेर.

मी अंदाजाने खणलं आणि पाइप सापडले. भट्टी आपोआप पुन्हा पेटली, आतून वाफेचा लोट आला आणि पार्क्यावर बसून पांढरा झाला. ओरेस्त झाडू घेऊन फेरी का मारायचा ते मला तेव्हा कळलं. एकदा मी खिडकीतून ओरडून विचारलंही होतं, काय करतोयस रे, आणि तो म्हणाला होता, हिला श्वास घेऊ देतोय. मला वाटलं, काहीतरी चेष्टा करतोय. आता मला रडू येईल असं वाटून मी थांबले. आलं नाही. मग बाकीचा बर्फ उकरला. सगळी भिंत मोकळी करणं माझ्याने होणार नव्हतं. मधोमध एक मोठं भगदाड पडलं, इतक्या सुरेख कामात ते फार वाईट दिसत होतं.

लुबाने विचारलं तर मी केलं म्हणून सांगायचं, असं मी ठरवलं. सून वेडी निघाली तरी चालेल, बापाला कोणी नेणार नाही.

लुबा दुपारी आली. आत येण्याआधी तिला गाडीची वायर भिंतीवरच्या प्लगमध्ये खोचायची होती, नाहीतर इंजिन गोठतं. आणि आमचा प्लग उत्तरेच्याच भिंतीवर. ती आत आली ती बर्फाचे जोडे न काढताच.

"ते बाहेर काय आहे?"

"जोडे काढ आधी," मी म्हटलं.

"स्टेफा, पाइप बुजवले होते का? तू खणलंस ना ते?"

दीदो टेबलाशी बसले होते, नवे कापलेले केस, इस्त्रीचा शर्ट. टेबलावर मी बीट आणि मशरूमचं सूप, उकडलेल्या करंज्यांसारखी पेरोही, मासा, आणि गहू-खसखस-मधाची खीर, कुत्या, मांडत होते. एक ताट ओरेस्तचं. गेलेल्याचं ताट त्या रात्री मांडतातच, त्यात नवीन काही नाही. तेही मी बाकीच्या ताटांसारखंच मांडलं होतं.

"मीच केलं होतं," मी म्हटलं. "घर गरम राहावं म्हणून. पाइपांचं लक्षात आलं नाही."

"तू केलंस?" हे लुबा नाही, दीदो म्हणाले. चमचा टेबलावर आपटला त्यांनी. "हिने केलं! हिला फावडं कुठल्या बाजूने धरतात ते तरी माहितीये का? ती कड बघितलीस का लुबा, कड? ती अशी सरळ हिच्या बापाला तरी जमली असती? मी केलंय ते. प्लगपुरती जागासुद्धा सोडलीये. आणि मधे खणून ठेवलंय कोणी? महिनाभर खपलोय मी त्यावर!"

"बाबा, तुम्ही पाइप बुजवलेत," लुबा म्हणाली. "भट्टीचे पाइप."

"ते धुण्याच्या मशीनचे आहेत."

"भट्टीचे आहेत."

दीदोंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. "तरीच," ते म्हणाले. "रोज तिथे एक भोक पडायचं. मला वाटलं उंदीर. रोज सकाळी बुजवायचो." भट्टीच्या गरम धुरानेच ते भोक पडत होतं.

लुबाला हसू आलं आणि तिने ते दाबलं. मग ती खुर्ची ओढून बापासमोर बसली, आणि आता तिचा वर्गातला आवाज नव्हता. "बाबा, तुम्ही दोघं मेला असतात. कळतंय ना? असं कशाला करायचं? नवी भट्टी आहे. घर गरमच असतं."

"मला गरमच असतं," दीदो म्हणाले. "मला काय झालंय? हिला थंडी वाजते."

"कोणाला?"

"स्टेफाला. रोज विचारतो. रोज हो म्हणते. थर्मोस्टॅट वाढवला, तरी हो. फिल्टर बदलले, तरी हो. झोपते कोट घालून, जेवते कोट घालून. ऑक्टोबरपासून तिच्या अंगावरचा कोट उतरला नाही. मी काय करायचं? माझ्या आईने घर लिंपलं की आम्हाला थंडी वाजायची नाही."

लुबाने माझ्याकडे वळून बघितलं, आणि पहिल्यांदाच कोट बघितला. बाह्या, कोपरावरचं ठिगळ, खिशाशी ग्रीसचा डाग. ओळखला तिने. तिचे डोळे भरले. माझे कोरडेच.

"बाबा, पाइप कळले ना आता? परत बर्फ लावायचा नाही," ती म्हणाली.

"पाइप सोडून लावीन," दीदो म्हणाले. "थंडी वाजते तर लावायला नको?"

लुबाने कपाळाला हात लावला. पुढे ती काय म्हणणार ते मला ठाऊक होतं. हे ऐकणार नाहीत, उद्या पुन्हा जाणार, यांना इथे ठेवता येत नाही. आणि तिचं चुकत नव्हतं. माझ्या अंगावर हा कोट असेपर्यंत दीदो रोज पहाटे फावडं घेऊन बाहेर पडणार होते. त्यांना समजावून उपयोग नव्हता. ते काही विसरले नव्हते की बरळत नव्हते. त्यांनी प्रश्न विचारला होता, मी उत्तर दिलं होतं, आणि त्यांनी त्या उत्तरावर विश्वास ठेवला होता. महिनाभर त्यांनी उणे पस्तीसमध्ये बर्फ थापला तो माझ्या एका 'हो'साठी, आणि मी प्रश्नसुद्धा नीट ऐकला नव्हता.

मी उठले. कोटाची चेन अडकली. ती नेहमीच अडकायची, ओरेस्त खालून ओढून मग वर न्यायचा, तसं केलं तेव्हा सुटली. एक हात बाहीतून काढला, मग दुसरा. खिशात त्याचा फडका होता, भट्टी पुसायचा. तो तसाच राहू दिला. जिन्याजवळच्या खुंटीपर्यंत गेले आणि कोट तिथे अडकवला, जिथे तो वर्षानुवर्षं असायचा. खाली भट्टी चालू होती. नीट, न खोकता.

परत येऊन खुर्चीत बसले. आत नुसता पातळ ब्लाउज होता. खांद्यांवरून काहीतरी सरसरत खाली गेलं, मग पाठीतून, मग दंडांवर काटा उभा राहिला. आधी मला ते काय आहे कळेना. मग दात वाजायला लागले आणि ओठ आवरेनात, आणि समोरचं ओरेस्तचं कोरं ताट मला इतकं स्पष्ट दिसलं की मी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. रडायला आलं. किती वेळ रडले कोण जाणे. लुबा माझ्या पाठीवर हात ठेवून उभी होती, तिने आश्रमातल्या खोलीचं नावही काढलं नाही. उशिरा एवढंच म्हणाली, "आश्रमवाल्यांना मी नको म्हणून कळवते. उद्या मला ते पाइप दाखव. झाडू कुठे असतो ओरेस्तचा?"

दीदो घाबरून माझ्याकडे बघत होते. "थंडी वाजते का गं?" त्यांनी विचारलं.

या वेळी मी प्रश्न ऐकला.

"हो," मी म्हटलं. "वाजतेय."

त्यांनी चमचा खाली ठेवला आणि दाराशी उभ्या केलेल्या फावड्याकडे बघितलं.

"बसा खाली," मी म्हटलं. "मी स्वेटर घालते."